ताईंचं दुसरं व्हायोलिन : विद्यापीठातल्या खासगी शिकवणीचं एक प्रकरण

हे प्रकरण अमेरिकेतल्या एका राज्य विद्यापीठाच्या संगीत विभागातलं आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांखेरीज शहरातल्या कुणालाही इथे व्हायोलिन, व्हिओला, चेलो किंवा डबल बास शिकता येतो. प्रवेशपरीक्षा नाही, क्रेडिट नाहीत, गुणपत्रिका नाही. सेमिस्टरची फी भरायची आणि आठवड्यातून एकदा ठरलेल्या शिक्षकासमोर अर्धा तास, पाऊण तास किंवा तासभर वाजवायचं. शिकवणारे बहुतेक माझ्यासारखे: व्हायोलिनवादनात मास्टर्स करणारे आणि अध्यापनाच्या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली शिकवणारे.

विद्यार्थिनी चाळिशी ओलांडलेल्या, मूळच्या सांगलीच्या. नाव देत नाही. बाकी लिहायला त्यांची परवानगी आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत देत व्हायोलिनमध्ये विशारद झालेल्या. लग्न, मुलं, बदल्या यांत वाजवणं कमी झालं, पण सुटलं नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आल्या, अवलंबित व्हिसावर. मुलं शाळेत गेली की दिवस मोकळा. शिकवणी कशासाठी हवी, या माझ्या प्रश्नाला त्यांचं उत्तर तयार होतं: "मला ऑर्केस्ट्रात बसायचंय. अगदी मागच्या खुर्चीवर चालेल. एवढी माणसं एकत्र वाजवतात, त्यात आपण असावं असं वाटतं."

मी पुण्याची, त्यांच्याहून बरीच लहान. मी त्यांना ताई म्हणू लागले आणि त्या मला एकेरी हाक मारू लागल्या. पण वाद्य हातात घेतलं की त्यांचं "अगं" जायचं आणि "तुम्ही" यायचं. मी कितीदा सांगितलं तरी शिकताना त्यांनी ते सोडलं नाही. हा तपशील नोंदवण्याचं कारण पुढे येईल.

पहिली भेट

नावनोंदणीच्या अर्जात तीन रकाने होते: नवशिका, मध्यम, पुढारलेला. खाली प्रश्न, आतापर्यंत कुठली पुस्तकं पूर्ण केलीत? ताईंनी "नवशिका"वर खूण केली होती आणि पुस्तकांची जागा कोरी ठेवली होती.

मी त्यांना म्हटलं, आधी तुम्ही वाजवता तसं वाजवा. खोलीत गालिचा होता. त्या खाली बसल्या, उजवा पाय पुढे घेतला, व्हायोलिनचं डोकं घोट्यापाशी टेकवलं, दुसरं टोक छातीशी, आणि बागेश्रीची आलापी सुरू केली. कोमल गंधारावर येताना मध्यमाचा कण इतका नेमका होता की मी वहीत काही लिहायचंच थांबले. गजावर पूर्ण ताबा. एका लांब गजात सात-आठ स्वर, मधे कुठे सांधा दिसत नाही. डावा हात तारेवर वरपासून खालपर्यंत मोकळा फिरत होता. वाद्य पायाने आणि छातीने धरलेलं असल्यामुळे त्या हातावर कसलाच भार नव्हता.

मग त्या उभ्या राहिल्या. व्हायोलिन हनुवटीखाली ठेवलं आणि त्यांना साधा सा लावता येईना. अंगठ्याने वाद्याची मान घट्ट पकडली, कारण तसं न केल्यास ते पडेल असं वाटत होतं. डोकं डावीकडे वाकलं, खांदा कानाकडे गेला. गजही थरथरू लागला. तो पूर्वी ज्या कोनात चालायचा तो कोनच राहिला नव्हता.

म्हणजे समोर एकाच वेळी विशारद आणि नवशिकी अशी व्यक्ती उभी होती. अर्जातल्या तीन रकान्यांपैकी एकही त्यांच्यासाठी नव्हता.

ही व्यवस्था कुणासाठी उभी राहिली

त्या रकान्यांत चूक कुणाची नाही. विद्यापीठांत शहरातल्या लोकांना तंतुवाद्यं शिकवण्याची अमेरिकेतली जी ठळक परंपरा आहे ती मुलांसाठी उभी राहिली. 1948 मध्ये ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात स्ट्रिंग प्रोजेक्ट सुरू झाला. त्या काळी तंतुवाद्यं शिकवणाऱ्या शिक्षकांची टंचाई होती. विद्यापीठाने शहरातली मुलं बोलावली आणि संगीतशिक्षणाचे विद्यार्थी अनुभवी शिक्षकांच्या नजरेखाली त्यांना शिकवू लागले. मुलांना परवडेल अशा फीत शिक्षण मिळालं, भावी शिक्षकांना शिकवण्याचा सराव. फिलिस यंग यांनी हा प्रकल्प 1958 पासून 1993 पर्यंत सांभाळला. साउथ कॅरोलायना विद्यापीठाने 1974 मध्ये कोलंबिया शहरात त्याच वळणाचा प्रकल्प काढला, आणि पुढे अशा प्रकल्पांचा देशव्यापी संघ झाला. इंडियाना विद्यापीठात मिमी झ्वाइग यांनी 1976 पासून मुलांची स्ट्रिंग अकॅडमी घडवली; पुढे नावाजलेला व्हायोलिनवादक जोशुआ बेल लहानपणी त्यांच्याकडे शिकला.

प्रौढांचा विचार वेगळ्या वाटेने आला. रोचेस्टरच्या ईस्टमन स्कूलमध्ये रॉय अर्न्स्ट यांनी 1991 मध्ये न्यू होरायझन्स नावाने उतारवयातल्या नवशिक्यांचा बँड सुरू केला. आधी फुंकून वाजवायची वाद्यं, पुढे त्याच नावाखाली तंतुवाद्यांचे गटही निघाले. पण तिथेही गृहीत हेच, की येणाऱ्या माणसाने संगीत केलेलं नाही किंवा शाळेनंतर सोडलं आहे. दुसऱ्या परंपरेत कान पक्का झालेला माणूस कुठल्याच आराखड्यात बसत नाही. गटवर्गात तर नाहीच. त्याला एकास एक शिकवणीच हवी. या प्रकरणातून माझं हे मत पक्कं झालं.

मतभेद

आमच्या विभागात शिकवणारे दर आठवड्याला एकमेकांच्या विद्यार्थ्यांबद्दल बोलतात. ताईंचं प्रकरण मी मांडलं तेव्हा एका अनुभवी सहकाऱ्याने सल्ला दिला: वर्षभर खाली बसून वाजवणं पूर्ण बंद करायला सांग. दोन सवयी एकमेकींत मिसळतील, नवी पकड बसणार नाही.

सल्ला निराधार नव्हता. बोटांची सवय शब्दांनी सुटत नाही हे प्रत्येक वाजवणाऱ्याला माहीत असतं. तरी मला तो पटला नाही. सवयी मिसळतात त्या एकमेकींच्या फार जवळ असतात तेव्हा. गजाची बोटं थोडी बदलायची असती, तर जुनी पकड काही काळ बाजूला ठेवा असं मीही म्हटलं असतं. इथे बसणं वेगळं, वाद्याचा कोन वेगळा, तारा वेगळ्या सुरांत, समोर कागद आहे की नाही इथपासून फरक. शरीराला ही दोन कामं वेगळी ठेवता येतील असा माझा अंदाज होता. शिवाय चाळिशी ओलांडलेल्या बाईंना, ज्या परदेशात आधीच कितीतरी बाबतींत नव्याने सुरुवात करताहेत, त्यांना येत असलेली एकमेव गोष्टही वर्षभर सोडा असं सांगायचं, तर त्या दोन महिन्यांत शिकवणी सोडतील. मी असते तर सोडली असती.

प्राध्यापकांनी मला माझ्या मताप्रमाणे करू दिलं. अट एकच: काय केलं आणि काय घडलं याची लेखी नोंद ठेवायची. हा लेख त्या नोंदींवरून लिहिला आहे.

दोन व्हायोलिनं

पहिला निर्णय पैशाचा होता. ताईंचं व्हायोलिन सा-प, सा-प अशा जोड्यांत लावलेलं. पाश्चात्त्य पद्धतीत जी, डी, ए, ई: प्रत्येक तार आधीच्या तारेचा पंचम. म्हणजे खालच्या जीला सा मानलं तर डी पंचम होतो, पण पुढची ए मिळते ती वरच्या सावर नाही, रिषभावर. एकाच वाद्यावर दोन्ही करायचं तर दर वेळी वरच्या दोन तारा एकेक स्वर उतरवा, पुन्हा चढवा. तारा एका सुरात टिकत नाहीत, घोडी हलते, ई तार तुटते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याच लाकडावर त्याच जागी बोट ठेवलं की कधी एक स्वर येतो, कधी दुसरा.

ताईंनी दुसरं व्हायोलिन महिन्याच्या भाड्याने घेतलं. विद्यापीठाची वाद्यं फक्त पदवीच्या विद्यार्थ्यांना मिळतात, म्हणून शहरातल्या दुकानातून. त्याला शोल्डर रेस्ट, म्हणजे खांद्यावर टेकायचा आधार, बसवला. घरचं व्हायोलिन खाली बसून, भाड्याचं उभं राहून. अदलाबदल करायची नाही. नियम इतकाच, पण पुढच्या बऱ्याच अडचणी त्यामुळे आल्याच नाहीत असं मी खात्रीने म्हणेन.

उभ्या पकडीवर आम्ही घाई केली नाही. आधी व्हायोलिन खांद्यावर ठेवून डावा हात खाली सोडायचा आणि नुसतं गुणगुणायचं. मग भिंतीला स्पंजचा तुकडा चिकटवून त्यावर वाद्याचं डोकं टेकवायचं. भिंत धरून ठेवते म्हटल्यावर अंगठा सैल होतो. ताईंच्या शरीराला हे लगेच कळलं, कारण घोट्यावर टेकवण्याचा अनुभव होताच; इथे घोट्याच्या जागी भिंत आली.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्या मान वळवताना आधी खांदा वळवताहेत असं मला दिसलं. विचारलं तर म्हणाल्या, काही नाही. पुन्हा विचारल्यावर कळलं की मान पहिल्या आठवड्यापासून दुखत होती. गुरूंसमोर शिकताना दुखतं म्हणायचं नसतं, ही त्यांची शिस्त. "तुम्ही"चा संबंध इथे होता. इथल्या शिक्षकांना विद्यार्थी स्वतःहून सांगतात याची सवय असते: हे जमत नाही, इथे दुखतं, हा धडा आवडला नाही. ताई काहीच सांगणार नव्हत्या. म्हणून प्रत्येक तासाच्या सुरुवातीला दुखण्याबद्दल ठरावीक प्रश्न विचारायचा असं मी ठेवलं, म्हणजे उत्तर देणं ही तक्रार न राहता अभ्यासाचा भाग होईल. उभ्याने वाजवणं एका वेळी दहा मिनिटांवर आणलं. चिन रेस्ट बदलला. त्यांची मान लांब होती, उंच रेस्ट लागला.

याच सुमारास मी त्यांना सांगितलं की हनुवटीचा हा आधारच 1820 च्या आसपास लुई स्पोर या जर्मन व्हायोलिनवादकाने आणला. त्याआधी युरोपातही लोक व्हायोलिन नाना तऱ्हांनी धरत. दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितरांनी ते कर्नाटक संगीतात आणलं. आपल्याकडे गजाननबुवा जोशी, श्रीधर पार्सेकर, वि. गो. जोग, दा. के. दातार यांनी त्याला ख्याल गायला लावलं. वाद्य तेच, धरण्याच्या रीती अनेक. ताईंना यातलं आपल्याकडचं माझ्याहून जास्त माहीत होतं. स्पोरचं ऐकून मात्र त्यांना बरं वाटलं, असं त्या नंतर म्हणाल्या.

सा सरकतो तेव्हा

प्रकरणाचा गाभा इथे आहे.

पहिल्या सेमिस्टरच्या उत्तरार्धात मी त्यांना जी मेजरमधला, म्हणजे जी हा सा असलेला, एक मिन्युएट (जुन्या युरोपीय नाचाच्या चालीची रचना) दिला. 1725 च्या आना माग्डालेना बाखच्या वहीत असलेली ही लहानशी रचना बरीच वर्षं बाखची समजली जात होती. ती क्रिस्टियन पेट्झोल्डची आहे. जगभर व्हायोलिन शिकणारी मुलं ती वाजवतात. मी स्वरलिपी देण्याआधी वाजवून दाखवली आणि ताईंनी ती कानाने घेतली. शिनिची सुझुकींनी मुलांसाठी हेच सांगितलं होतं, आधी कान, मग कागद. ताई त्या रीतीतच वाढल्या होत्या.

पहिला भाग सुंदर झाला. दुसऱ्या भागात रचना जी मेजरमधून डी मेजरमध्ये जाते. सी शार्प येतो आणि वाक्य डी वर संपतं. तिथे काहीतरी बिघडायचं. मी सूर तपासला, तर सी शार्प जिथे हवा तिथेच होता. तरी वाक्य संपल्यासारखं वाटेना. डी वर त्या थांबायच्या नाहीत, घसटत पुढे जायच्या. गजही तिथे सुटायचा नाही.

मी विचारलं, इथे तुम्हाला काय ऐकू येतं? त्या चटकन म्हणाल्या, "यमन."

आणि ते खरं आहे. जी ला सा धरा आणि मध्यम तीव्र करा: जी, ए, बी, सी शार्प, डी, ई, एफ शार्प. हे यमनचे स्वर. ताईंच्या कानात तानपुरा जी चाच चालू होता. त्यांच्या दृष्टीने सी शार्प हा तीव्र मध्यम आणि डी हा पंचम. पंचमावर क्षणभर टेकता येतं, पण घर साच्या ठिकाणी. मग त्या डी वर विसावणार कशा? सूर चुकत नव्हता, विसावा चुकत होता. आणि त्याचं कारण कान कच्चा असणं नव्हतं. लहानपणापासून ज्या साशी इमान राखलं तो सोडायचा नाही, हे होतं.

पाश्चात्त्य संगीतात वाढलेल्या मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही. खालचा बास ए वरून डी वर गेला की त्याला मुक्काम बदलल्याचं आपोआप कळतं. ताई एकट्या सुरावटीत हे ऐकू शकत नव्हत्या. मी व्हिओला घेऊन खालची ओळ वाजवली, त्या वरची. दोन-तीनदा झाल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे ही मूर्च्छना झाली."

मूर्च्छना म्हणजे स्वर तेच ठेवून सा बदलणं: भूपाच्या गंधाराला सा मानलं की मालकंस होतो, पंचमाला सा मानलं की दुर्गा. हे त्या परीक्षेसाठी शिकल्या होत्या आणि मैफलीत कलाकार क्षणभर करून परत येतात तसं ऐकलंही होतं. इथे तीच गोष्ट रचनेचा कणा आहे. त्यांनी मालकंस करून दाखवला, मग मिन्युएटची तीच ओळ पुन्हा घेतली, आणि डी वर गज उचलला. वाक्य संपलं.

यावर आम्ही एक अभ्यास बांधला. फोनवरच्या तानपुऱ्यात पहिल्या भागाला जी लावायचा. दुसऱ्या भागात सा सरकतो तिथे थांबून तानपुरा डी वर घ्यायचा, रचना परत जी मध्ये आली की पुन्हा जी. मग तानपुरा बंद करून तो मनात सरकवायचा. ताईंना कागद वाचायला लागल्यावर प्रत्येक स्वराखाली सरगम लिहायची सवय होती. ती मी मोडली नाही, पण कमी केली: पेन्सिलीने फक्त तिथेच खूण करायची जिथे सा बदलतो. बाकी स्वर ओळींवरून वाचायचे. पाश्चात्त्य स्वरलिपीचा खरा उपयोग त्यांना या खुणांमधून कळला, आणि मलाही एक हत्यार मिळालं. आता इथल्या मुलांनाही मी कधीकधी असा सरकता षड्ज लावून देते. त्यांना यमन ठाऊक नसतो, पण मुक्काम कुठे हलला ते ऐकू येतं.

पियानोचा प्रश्न याच ओघात आला. पियानोवरचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या भागाएवढा. ताईंना तो बोचायचा. सेमिस्टरअखेरच्या कार्यक्रमात म्हणून पियानोची साथ घेतली नाही. मी व्हिओलावर खालची ओळ वाजवली. ऑर्केस्ट्रातली तंतुवाद्यं एकमेकांचं ऐकून सूर जुळवतात. तिथे त्यांच्या कानाला त्रास कमी होणार होता.

व्यवस्थेतल्या गोष्टी

अर्ध्या तासाची शिकवणी मुलांच्या एकाग्रतेसाठी ठरलेली. प्रौढ माणसाला वाद्य लावून, मान-खांदा मोकळा करून सुरुवात करेपर्यंतच त्यातला बराच वेळ जातो. पाऊण तास केल्यावर फरक पडला. सरावाच्या खोल्यांचं कार्ड बाहेरच्या विद्यार्थ्यांना नसतं, आणि अपार्टमेंटच्या पातळ भिंतींमुळे घरी आवाज दाबणारा म्यूट लावूनच वाजवावं लागायचं. म्यूट लावून गजाचं वजन कळत नाही. विभागाने सकाळचा एक रिकामा वर्ग त्यांच्या नावाने दिला. अर्ज करावा लागला, एवढंच. चष्म्याचंही निघालं: स्टँडवरचा कागद वाचायच्या चष्म्याला लांब आणि लांबच्या चष्म्याला जवळ. त्यांनी मधल्या अंतराचा चष्मा करून घेतला, आणि वाचनाची गती त्या एका आठवड्यात जितकी वाढली तितकी माझ्या कुठल्याच अभ्यासाने वाढली नव्हती.

कुठवर पोचलं

दुसऱ्या सेमिस्टरच्या अखेरीस ताई शहरातल्या हौशी प्रौढांच्या तंतुवाद्य गटात दुसऱ्या व्हायोलिनांत बसू लागल्या. मागच्या खुर्चीवर. लांब विश्रांती मोजणं त्यांना जड जातं; ताल त्या बोटांच्या पेरांवर मोजायच्या, आणि आता दोन्ही हात गुंतलेले. शेजारच्या आजी त्यांना पेन्सिलीने प्रवेशाच्या खुणा करून देतात. गज सगळ्यांबरोबर खाली-वर नेणं मात्र लवकर जमलं. घरी, खाली बसून, रोज अर्धा तास राग चालू आहे, आणि त्यामुळे उभी पकड बिघडल्याचं माझ्या नोंदींत कुठेही नाही.

कार्यक्रमात मिन्युएटनंतर बागेश्री वाजवाल का, असं मी विचारलं होतं. त्या नको म्हणाल्या. "इथे ज्यासाठी आले तेच वाजवते."

मेमध्ये माझं शिक्षण संपतं. ताईंचा शिक्षक बदलेल, आणि विद्यापीठातल्या या शिकवण्यांची सगळ्यात मोठी उणीव मला हीच वाटते: शिकवणारे दर दोन वर्षांनी निघून जातात. पुढच्या शिक्षकासाठी मी जे टिपण ठेवते आहे त्यात पहिली ओळ दोन व्हायोलिनांची आहे, दुसरी दुखण्याबद्दल स्वतःहून विचारण्याची. करंगळी अजून कमकुवत आहे. व्हिब्राटो (बोट हलवून सुराला दिलेला कंप) सुरू केलेला नाही. हात आंदोलन आणि गमकाकडे जातो, ते वेगळं ठेवायला वेळ द्यावा. तिसऱ्या पोझिशनला, म्हणजे डावा हात वर सरकवून वाजवायच्या जागेला, त्यांचा कान आधीच पोचतो, बोटंही पोचतात, मींडेच्या वाटेने. अडतो तो अंगठा. वर जाताना तो मागे राहतो आणि खाली येताना वाद्य सुटेल या भीतीने पुन्हा आवळतो. भिंतीचा स्पंज तिथे परत वापरून पाहावा. आम्ही तिथवर आलो होतो.